प्रॉपची शाल

रग्बी लीग मी आयुष्यात खेळलेलो नाही. पण कट्ट्यावर बसून भारताचा क्रिकेट संघ निवडण्यात ज्याची जवानी गेली, त्याला सिडनीत येऊन आणखी दोन गडी वाढवणं काय जड? रग्बी लीगच्या ‘डॅली एम’ पुरस्कारांच्या रात्री मोसमातला सर्वोत्तम फुलबॅक, विंगर, हाफबॅक असे जागेनुसार तेरा जण जाहीर होतात आणि मी सोफ्यावरून प्रत्येकावर हरकत घेतो.

माझी जुनी हरकत २००८ची. ऑस्ट्रेलियात खेळाला शंभर वर्षं झाली म्हणून शतकाचा संघ निवडला. ज्याच्या नावाने ही बक्षिसं देतात तो डॅली मेसेंजरच राखीव! नवरदेवाला दुसऱ्या पंगतीत बसवण्यातला प्रकार. उलट ब्रायन बेव्हन, टकला, काटकुळा, गुडघ्यांना पट्ट्या, ऑस्ट्रेलियाकडून एकदाही न खेळलेला, थेट विंगवर. इंग्लंडात त्याने ढिगाने ट्राय केले होते, त्यामुळे तोंड मिटावं लागलं.

इथल्या आमच्या मराठी मंडळात असा घोळ होत नाही. तिथे सत्कार जागा बघून नाही, माणूस बघून होतो. अध्यक्षांना शाल, पाहुण्यांना शाल, पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्याला शाल, आभार मानणाऱ्यालाही शाल. ऐन जानेवारीत, सिडनीच्या उकाड्यात, आम्ही एकमेकांना लोकरीत गुंडाळतो. नारळ तेवढा उपयोगी. दुसऱ्या दिवशी चटणीत जातो. माझ्या कपाटात शालींना आता जागा नाही. मोजत नाही, पाहुण्यांना दाखवतो फक्त.

शतकाच्या संघात आर्थर बीटसन प्रॉप आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाचा पहिला आदिवासी कर्णधार. खाण्यातही नाणावलेला, म्हणून मला जवळचा. प्रॉपने चेंडू छातीशी धरून तिघांच्या अंगावर जायचं, चार पावलं जमीन मिळवायची, आपटायचं, उठायचं, पुन्हा रांगेत यायचं. टाळ्या हाफबॅकला. तरी यादीत प्रॉपची जागा हाफबॅकइतकीच पक्की. आमच्याकडे सगळे गेल्यावर एक मुलगा खुर्च्या रचतो, सतरंज्या झटकतो, पातेली घासतो. रात्रपाळीला जायचं असतं त्याला. त्याचं नाव आभाराच्या यादीत कधी आलं नाही, आणि ती यादी बऱ्याचदा मीच वाचतो.

यंदा बैठकीत मी ठणकावून सांगितलं, पहिली शाल त्याला. सगळ्यांनी मान डोलावली. मग कुणाच्या हस्ते, असा प्रश्न निघाला, तेव्हा मी अगदीच नाइलाजाने तयार झालो.