सल्ला न देण्याची फी

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर दोन मानसशास्त्रज्ञांनी मिळून दवाखाना थाटला, तेव्हा सर्वसाधारण सभेत सगळ्यात लांबलचक चर्चा झाली ती पाटीवर. ‘मुले, किशोरवयीन व प्रौढ यांच्यासाठी मानसशास्त्रीय चाचण्या व समुपदेशन’ एवढाच मजकूर होता आणि शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. त्यामुळे आक्षेप घ्यायला दुसरं कारण शोधावं लागलं. पाटी फाटकावर लावली तर जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटेल, ही सोय खास सोसायटीतल्या लोकांसाठी केलेली आहे! शेवटी ती जिन्यात, दंतवैद्यांच्या पाटीखाली लावायचं ठरलं. दंतवैद्य त्याच मजल्यावर आहेत. तेव्हापासून पहिल्या मजल्याकडे निघालेल्या माणसाला जिन्यात ओळखीचं कुणी भेटलं की त्याचा हात आपसूक गालावर जातो. दंतवैद्यांची प्रॅक्टिस फार जोरात चालते, असा आमच्या भागात बोलबाला आहे.

लोक बिचकतात त्याला थोडा भूगोलही जबाबदार आहे. राज्यातली सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार गावांत आहेत : ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यामुळे मुंबईत कुणी जरा वेगळं वागलं की ‘ह्याला ठाण्याला पाठवा’, आणि पुण्यात ‘येरवड्याचं तिकीट काढा’. येरवड्यात तुरुंगही आहे, म्हणून पुणेकराला आधी कुठल्या येरवड्याला ते विचारून घ्यावं लागतं. ठाण्याच्या माणसाची यात फारच पंचाईत. तो रोज संध्याकाळी फलाट क्रमांक विचारून ठाण्यालाच जात असतो. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. आता लोक आपल्या पायांनी, अपॉइंटमेंट घेऊन ठाण्याला जातात. टोमणा मात्र जुनाच चालू आहे.

पण माझ्या मते खरी अडचण भीतीची नाहीच, पैशांची आहे. गोळी नाही, सलाइन नाही, साधं बीपीसुद्धा बघत नाहीत. मग फी कसली? मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएस होऊन पुढे शिकलेले असतात, ते औषध लिहून देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत. हा फरक आमच्या दवाखान्यातल्या मानसशास्त्रज्ञ बाई दर नव्या माणसाला न कंटाळता समजावून सांगतात. भिंतीवर भारतीय पुनर्वास परिषदेचं नोंदणीपत्र लावलेलं आहे. ते चष्मा लावून वाचल्यावर एका आजोबांनी विचारलं, “म्हणजे आपल्या बिल्डिंगच्या पुनर्विकासाचं काम हल्ली तुमच्याकडे आहे का?”

“नुसतं बोलायचे एवढे पैसे?” हा प्रश्न आपल्याकडे पडणारच. कारण बोलणारे आपल्याकडे फुकट मिळतात. मराठी घरात कुणी “हल्ली झोप लागत नाही” म्हणून बघावं. वाक्य पुरं व्हायच्या आत एक जण जायफळ उगाळायला सांगतो, दुसरा तळपायांना तेल, तिसरा मोबाइलवर घसरतो, चौथा ‘आमच्या वेळी’ सुरू करतो आणि पाचवा स्वतःची निद्रानाशाची कथा काढतो, ती ऐकता ऐकता मूळ तक्रारदाराला खरंच डुलकी लागते. एवढ्या माणसांत ‘झोप येत नाही तेव्हा मनात काय चालू असतं?’ असं विचारणारं मात्र कुणी नसतं. ते विचारून, पंचेचाळीस-पन्नास मिनिटं मध्ये न बोलता ऐकायचं आणि शेवटी जायफळाचं नावही काढायचं नाही, हे कसब आहे. त्याला प्रशिक्षण लागतं. सल्ला न देण्याची ती फी आहे, आणि आपल्या समाजाचा एकूण स्वभाव बघता ती कमीच म्हणायची.

पाटीवर मुलं पहिली, आणि दवाखान्यातही त्यांचाच नंबर पहिला. शनिवारी सकाळी पायऱ्यांवर आई-वडील मुलांची उजळणी घेत असतात. बुद्धिमापन चाचणी आहे म्हटल्यावर आठवडाभर कोडी सोडवून घेतलेली असतात, पाढे पाठ करून घेतलेले असतात. आदल्या रात्री बदामही भिजत घातले असतील. आत बाई लाकडी ठोकळे मांडतात, चित्रं दाखवतात, गोष्टी विचारतात. उत्तर चूक आलं तरी चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, अशी त्या विद्येची शिस्त आहे. जन्मात पहिल्यांदाच असं मोठं माणूस भेटल्यामुळे मुलं खुश असतात. तासाभरानं दार उघडतं आणि आई विचारते, “कसा गेला पेपर?”

“बाई छान होत्या.”

“ते असू दे. किती बरोबर आले?”

मग अहवाल येतो. आयक्यू शंभर. घरात पेढे आणायची तयारी होते, शंभरपैकी शंभर! बाई हळुवारपणे समजावतात, की शंभर म्हणजे त्या वयाच्या मुलांची बरोब्बर सरासरी. वडिलांचा चेहरा त्या क्षणी बघवत नाही. आपला मध्यमवर्ग महागाई, खड्डे, पाणीकपात सगळं सोसतो, पण आपलं मूल सरासरी आहे हे त्याला सोसत नाही.

ज्यानं हे प्रकरण सुरू केलं त्या आल्फ्रेड बिनेला असलं काही अभिप्रेतच नव्हतं. शाळेत कुणाला जादा मदत लागेल ते कळावं, म्हणून पॅरिसमध्ये १९०५ साली त्यानं आणि थेओडोर सिमोननं चाचण्यांची यादी केली. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, हे म्हणणं त्याला मान्य नव्हतं. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागातल्या मुलांवर काम करून ती मोजपट्टी कानडीत आणि मराठीत बसवली. त्यांचं पुस्तक १९४० मध्ये आलं. बिने-कामत या जोडनावानं ती चाचणी पुढे भारतभर गेली. पॅरिसची मोजपट्टी मराठी पोराला लावायची तर नुसता अनुवाद पुरत नाही, अख्खं अंगणच बदलावं लागतं. नागपुरात आर्थर मालिन यांनी तेच केलं. अमेरिकेतल्या मुलांसाठीची वेक्सलरची चाचणी त्यांनी भारतीय मुलांसाठी बेतली, आणि व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टीही. संत्री आणि हिवाळी अधिवेशन यांपलीकडे नागपूरची ही तिसरी ख्याती देशभरच्या मानसशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. नागपूरकरांना मी अजून तिचा अभिमान बाळगताना पाहिलेलं नाही.

ही व्हाइनलँड मोजपट्टी मोठी गमतीची. तिच्यात मुलाला नाही, आईला विचारतात. आपल्या हातानं जेवतो का, गुंड्या लावतो का, शेजारीपाजारी एकटा जाऊन येतो का? आमच्याकडच्या आयांचं ठरलेलं उत्तर, “येतं त्याला, पण मी करू देत नाही.” एकदा असंच एकेक कलम वाचत असताना आईची नजर हळूहळू शेजारी बसलेल्या मुलाच्या वडिलांकडे वळली, आणि ते घाईघाईनं पाणी प्यायला बाहेर आले. हे मला खुद्द त्यांनीच सांगितलं.

वाचता-लिहिता येण्यात खरोखर अडचण असलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. ‘तारे जमीन पर’ २००७ मध्ये आला तोवर अशी मुलं वर्गात ‘ढ’ या एकाच अक्षराखाली बसत होती. आता दहावीला त्यांना जादा वेळ मिळतो, गरजेप्रमाणे लेखनिकही; त्यासाठीचा दाखला मात्र सरकारमान्य रुग्णालयाचा लागतो. कालपर्यंत ‘आमच्यात नाही हो असलं काही’ म्हणणारे काही लोक नववीच्या मे महिन्यात “जादा वेळाचं काही होईल का?” असं कुजबुजत विचारून जातात. बाई तेही शांतपणे ऐकतात, आणि नाही म्हणतात.

किशोरवयीन मंडळी कानांत बोंडं घालून येतात. येतात म्हणजे आणली जातात. आई म्हणते, “बोल ना, मॅडम विचारतायत.” मॅडम आईलाच बाहेर बसायला सांगतात. दवाखान्यातला सर्वांत दुखावलेला माणूस त्या क्षणी बाहेरच्या बाकावर असतो. त्यात भर म्हणजे, मूल जे बोलेल ते जिवाला धोका असल्याशिवाय घरच्यांना सांगायचं नाही, असा नियम. “फी आम्ही भरायची आणि आम्हालाच कळणार नाही?” एका वडिलांनी पावती पुढे करून विचारलं होतं. जे बोलतच नाहीत त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. हेर्मान रोर्शाख या स्विस माणसानं १९२१ मध्ये शाईच्या डागांची दहा कार्डं प्रसिद्ध केली. शाळेत त्याचं टोपणनावच ‘डाग’ या अर्थाचं होतं. त्या डागांत कुणाला काय दिसतं यावरून मनाचा ठाव घ्यायचा. आमच्या भागातला एक पंधरा वर्षांचा मुलगा कार्डाकडे बराच वेळ बघून म्हणाला, “शाई सांडलीये.” ठाव लागला असावा.

दोन-तीन भेटींनंतर बाई एक वाक्य ठेवणीतून काढतात : “पुढच्या वेळी तुम्ही दोघंच या.” मूल हसत हसत क्रिकेट खेळायला जातं आणि आई-वडील गालांवर हात ठेवून जिना चढू लागतात. पाटीवरचा ‘प्रौढ’ हा शब्द असा अंमलात येतो.

प्रौढांना गृहपाठ मिळतो, हे त्यांना आधी माहीत नसतं. ही परंपरा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसनं चांगलीच पाळली. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी या एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्याची विवेकनिष्ठ पद्धत आत्मसात केली आणि मराठीत रुजवली, म्हणून तो आपल्याकडे जवळजवळ घरचा आहे. एकोणीस वर्षांचा असताना त्याला मुलींशी बोलायची भयंकर भीती वाटे. तर हा बहाद्दर न्यूयॉर्कच्या बागेत बाकांवर बसून शंभर अनोळखी स्त्रियांशी ठरवून बोलला. एकीनं भेटायचं कबूल केलं, आणि तीही आली नाही. पण भीती गेली. पुढे तो लोकांना लाज घालवायचे गृहपाठ देई : केळ्याला दोरी बांधून ते रस्त्यानं फिरवा, भुयारी रेल्वेत स्टेशनांची नावं मोठ्यानं पुकारा. दुसरा गृहपाठ मुंबईत बाद आहे. लोकलमध्ये ‘दादर, दादर, उतरणारे पुढे व्हा’ असं ओरडणाऱ्याला लाज कसली? त्याचे लोक आभार मानतात.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना असल्या गृहपाठाची गरज नाही. बँकेतून निवृत्त झालेले हे काका गालावर हात न ठेवता, जिन्यात भेटेल त्याला “मानसतज्ज्ञाकडे चाललोय” असं खणखणीत सांगून जातात. पहिल्यांदा गेले ते ज्येष्ठ नागरिकांना सवलत आहे का ते विचारायला. सुरुवातीला ते फक्त सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलत, असं ऐकतो. मग कधीतरी टाकी संपली आणि वाटणीवरून दुरावलेल्या धाकट्या भावाचा विषय निघाला. काकूंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “चाळीस वर्षं मी घरात फुकट बसलेय, तिला पैसे देऊन सांगतात!” आणि त्यांनीही नाव नोंदवलं. नवरा-बायको दोघांना मी एकटी बघणार नाही, असं सांगून बाईंनी त्यांना शेजारच्या खोलीत, आपल्या सहकाऱ्यांकडे पाठवलं.

आता दर गुरुवारी दोघं बरोबर जिना उतरतात आणि दोन दारांनी आत जातात. परवा काकांनी काउंटरवर चौकशी केली, दोघांची फी एकदम भरली तर काही सूट? काउंटरवरची मुलगी नाही म्हणाली. तेव्हा काकू पुढे झाल्या. “ह्यांचं बोलणं पस्तीस मिनिटांत आटपतं,” त्या म्हणाल्या, “उरलेली पंधरा माझ्या खात्यात जमा करता येतील का?”