काका, आपले उपकार कसे फेडू?

परमपूज्य काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला आपण रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी पायधूळ झाडलीत, धन्य झालो. आंबिलीची वाटी ओठांना लावण्याआधी माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीला टक्के विचारलेत. ती म्हणाली, 87. "बाकीचे तेरा कुठे सांडले?" ही आपली कोटी पंगतीला फार आवडली. ती एकटी हसली नाही; वयच अडनिडं.

दुसरी पुरणपोळी घेताना तिला "जपून हो" म्हणालात. आपली पाचवी चालू होती, म्हणजे अनुभवाचे बोल.

"मी अभ्यास करून राहिली आहे" हे तिचं मराठीही सुधारलंत. "पुण्यात हसतील!" आता ती पाहुण्यांशी हिंदीतच बोलते. चूक मुळासकट गेली.

सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं या वयात वाटतं. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये त्याला 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटलं. लेकीला कल्पनेचे कष्ट पडले नाहीत. पहिल्या रांगेत आपण होतात.

1877 मध्ये मात्र आपण रायपुरात नव्हतात, हे देशाचं नशीब. चौदा वर्षांचा नरेंद्र दत्त इथे आला तेव्हा धड शाळा नव्हती. दोनेक वर्षं तो घरीच शिकला. वडील त्याला मोठ्यांच्या चर्चेत बसवत, वाद घालू देत. आपण विचारलं असतंत, "काय रे, वर्षं वाया घालवतोस?" आज बूढातालाबात त्याच विवेकानंदांचा पुतळा आहे.

चुकलेल्या मैत्रिणीशी बोलतो तसं स्वतःशी बोलावं, असं मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ 2003 पासून सांगताहेत. लेकीला अर्धं जमतं. गणितात आपटलेल्या मैत्रिणीला फोनवर म्हणाली, "अगं, एक पेपरच तर आहे!" फोन ठेवला, स्वतःची वही उघडली, आणि खोलीतून आवाज आला, "बाकीचे तेरा कुठे सांडले?" शब्द आपले, चालही आपलीच.

आपण दक्षिणा घेऊन परतलात, आवाज मात्र इथे मुक्कामाला राहिला. पुढच्या खेपेला तेवढा सोबत न्यावा. डबा मी भरून देईन, पुरणपोळ्यांसकट.

कळावे. लोभ आहेच, तो वृद्धिंगत न व्हावा ही विनंती.

आपली कृपाभिलाषी,
सांडलेल्या तेरा टक्क्यांची आई