सुई कितीची?

नाशिकला आमच्या गंगापूर रोडवरच्या सोसायटीत एक काकू आहेत. क्रोशा विणणारी कुठलीही बाई दिसली की त्या नाव-गाव विचारत नाहीत, थेट विचारतात, "सुई कितीची?" मग ती बाई सिटीबसमध्ये असो, डॉक्टरांच्या बाकड्यावर असो, नाहीतर मंगल कार्यालयात वरमाईच्या शेजारी बसलेली असो. समोरची "चारची" म्हणाली की काकू तिचं काम अंगठा आणि तर्जनीत धरून चाचपतात आणि म्हणतात, "साडेतीनची घ्यायला हवी होती." ती "साडेतीनची" म्हणाली असती, तर उत्तर "चारची" आलं असतं.

काकूंच्या घरात उघडी वस्तू सापडणं कठीण. ताकाच्या भांड्यावर मणी ओवलेली जाळी, फ्रीजवर जाळी, मिक्सरला झबलं, पाटाला आसन, दाराला तोरण. टीव्ही सपाट झाले तेव्हा काकू आठवडाभर नीट बोलत नव्हत्या, कारण टीव्हीच्या डोक्यावरची केवढी तरी हक्काची जागा गेली होती. रुमाल कुठे टाकायचा? शेवटी तो वाय-फायच्या डब्यावर पडला. काका म्हणाले, "अगं, तो तापतो." काकू म्हणाल्या, "कॉटनचा आहे, तापत नाही."

काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. पोस्टाची तिकिटं आणि पासपोर्ट छापणारी हीच ती प्रेस. उभा जन्म कागदावरची बारीक चूक हेरण्यात गेल्याने नजर अजून तशीच आहे. सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांना कळतं की सातव्या ओळीत एक खांब कमी पडलाय. पण ते पेपर वर करतात आणि गप्प बसतात. सांगितलं, तर काकू तिथपर्यंत सगळं उसवणार, उसवलेला दोरा गुंडाळायला काकांनाच हात पुढे करून बसावं लागणार, आणि त्या दिवशी जेवणाला पिठलं. न सांगितलं तरी रात्री अकराला काकूंना ते दिसतंच आणि दुसऱ्या दिवशी पिठलंच होतं. काकांनी फक्त एक संध्याकाळ वाचवलेली असते.

मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला असते. काकू दरवर्षी जातात, पिशवी घेऊन. वक्ता अर्थव्यवस्थेवर बोलो की अध्यात्मावर, काकूंचा हात चालू. परतताना रिक्षात त्यांचा अभिप्राय ऐकण्यासारखा असतो. "आजचे बरे होते, दोन चौकोन झाले." "कालचे फारच कंटाळवाणे, अख्खी बाही उतरली." एकदा मात्र त्या गप्प गप्प होत्या. पिशवी उघडून बघितलं, तर सुई दोऱ्यात जशीच्या तशी अडकलेली, एक साखळीसुद्धा पुढे गेली नव्हती. त्या वक्त्याला सत्काराची शाल मिळाली असेल, पण खरा मान त्याला कळलाच नाही.

आता गेल्या काही उन्हाळ्यांत काकूंचं ग्रहमान पालटलंय. कॉलेज रोडच्या कॅफेत मुली जाळीचे टॉप, क्रोशाच्या टोप्या आणि चौकोन जोडलेल्या पिशव्या घेऊन बसू लागल्या. नातीची एक मैत्रीण मोबाइलवर फोटो घेऊन आली. "आजी, असा मेश टॉप जमेल का?" काकूंनी चष्मा सावरला, फोटो लांब धरला, जवळ धरला, आणि उठून फ्रीजवरचा रुमाल आणून मुलीच्या अंगाला लावला. "हाच की! फक्त याला बाह्या नाहीत." मुलगी वेडी झाली. तिला तो रुमालच हवा होता. काकूंनी दिला नाही. फ्रीज काय घालणार?

पण शिकवायला बसवलं. मुलीने पिशवीतून ॲक्रिलिकचा गुंडा काढला आणि काकूंचा चेहरा दुपारी दोनच्या रविवार कारंजा चौकासारखा तापला. "मे महिन्यात ॲक्रिलिक? हवा कुठून जाणार, घाम कोण पिणार?" मग मिल्क कॉटनवर प्रवचन: नावात कॉटन असलं तरी आत ॲक्रिलिक किती मिसळलंय ते लेबलवर वाचायचं, दुकानदाराच्या चेहऱ्यावर नाही. मेनरोडचा दोऱ्याचा दुकानदार तर काकू दिसल्या की गुंडे काढण्याआधी स्टूल काढतो.

यानंतर सुई. काकूंचा डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आणि त्यात सुया मापाप्रमाणे निजलेल्या: एक मिलिमीटरच्या आसपासच्या पोलादी, दोनपासून पुढच्या ॲल्युमिनियमच्या, बांबूच्या दोन. पोलादी सुयांवरचे जुने नंबर उफराटे असतात, आकडा चढतो तशी सुई बारीक होते, म्हणून काकू फक्त मिलिमीटर मानतात. त्यांनी मुलीचा दोरा सुईच्या चोचीखालच्या खाचेत बसवून दाखवला. "खाचेत दोरा आरामात बसला पाहिजे. बाहेर डोकावला तर सुई बारीक, ती दोऱ्याचे पदर फाडणार. आत हरवला तर जाड, काम भोकाभोकांचं होणार." पिशवी करायची तर लेबलवरच्या मापापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने बारीक सुई, म्हणजे कांदे-बटाटे भरल्यावर ती गुडघ्यापर्यंत लोंबत नाही. आत कापूस भरायची खेळणी तर आणखी घट्ट, नाहीतर सशाच्या पोटातून कापूस डोकावतो. उन्हाळी टॉपला मात्र अर्ध्या मिलिमीटरने जाड, म्हणजे कापड अंगावर सैल पडतं.

हाताला घाम आला की ॲल्युमिनियमवर दोरा अडतो, म्हणून काकू दुपारी तळव्यांना पावडर लावून बसतात. सुई धरण्याचे पंथ दोन: पेनासारखी आणि सुरीसारखी. काकू पेनपंथी. त्यांच्या जाऊबाई सुरीपंथी. दोघींचं सख्ख्या बहिणींसारखं जमतं, फक्त विणताना त्या एकमेकींकडे पाठ करून बसतात.

जगातल्या कुठल्याही बातमीला काकूंचा प्रश्न एकच. 2016 साली चेन्नईत बायकांनी मिळून अकरा हजार चौरस मीटरच्या वर क्रोशाचं पांघरूण करून गिनीज विक्रम केला, हे नातीने वाचून दाखवलं. काकू भारावल्या. मग म्हणाल्या, "सुई कितीची होती? सगळ्यांची एकच नसेल तर कडा जुळल्या कशा?" आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशाच्या लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हाही तेच. आयर्लंडमध्ये 1840 च्या दशकातल्या दुष्काळात कितीतरी घरं क्रोशाच्या लेसवर जगली, हे ऐकून मात्र त्या सुईचं विचारायला विसरल्या. "पोटाचं काम आहे म्हणजे," एवढंच म्हणाल्या.

परवा ती मैत्रीण पुन्हा आली. मॉलमधून चारशे रुपयांचा तयार टॉप घेऊन. "आजी, विणायला वेळच नाही हो." मी काकूंच्या प्रश्नाची वाट बघत होतो. काकूंनी टॉप उलटा केला, शिवण बघितली, दोन खांब नखाने वेगळे केले. यंत्रावर क्रोशासारखी दिसणारी जाळी निघते, पण दुकानात येणारा खरा क्रोशा अजून हातानेच होतो, हे त्यांना पक्कं माहीत. हा खरा होता. चार-पाच दिवसांचं तरी काम.

"चारशे?" काकू म्हणाल्या. "दोरा वजा कर, दुकानाचा नफा वजा कर. मग जिने केला तिला किती गं मिळाले?"

मुलीला उत्तर आलं नाही. काकूंनी टॉपची नीट घडी घातली आणि परत दिली. सुई कितीची, हे त्यांनी विचारलं नाही.

तेव्हा तुम्हाला या उन्हाळ्यात टॉप हवाच असेल तर स्वतः करायला घ्या. मध्यम जाडीचं कॉटन, चार मिलिमीटरची सुई, आणि आधी दहा सेंटिमीटरचा एक चौकोन विणून, धुऊन, वाळवून मग माप घ्या, कारण कॉटन धुतल्यावर आपला स्वभाव दाखवतं. अडलात तर काकूंकडे जरूर जा, त्या पैसे घेत नाहीत. फक्त जेवून जा, आणि साडेतीनची सुईही बरोबर ठेवा.