काटकसरीचा दारूगोळा

नवऱ्यांनी बायकांपुढे केलेल्या अर्थसंकल्पीय भाषणांचा कोणी ग्रंथ काढलाच, तर त्यातला सर्वांत जाड खंड अमेरिकेचा निघेल. आणि त्या खंडातलं सर्वांत लांबलेलं प्रकरण असेल घरच्या घरी काडतुसं भरण्याच्या सामग्रीचं. बोट घेणारा नवरा निदान मासे तरी आणून दाखवतो. गोल्फवाला ‘ओळखी वाढतात’ म्हणून वेळ मारून नेतो. काडतुसं भरणारा मात्र छाती पुढे काढून सांगतो, की मी पैसे वाचवतोय. हजार-बाराशे डॉलर घालून पैसे वाचवण्याच्या या विद्येला तिकडे रीलोडिंग म्हणतात.

ज्यांचा बंदुकीशी संबंध जत्रेतल्या फुग्यांपुरताच आला, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काडतुसात चार वस्तू असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की बाकीच्या तिघांचं काम संपतं, पुंगळी तेवढी उरते. आणि चौघांत बहुधा तीच महाग. मग ती उचलायची, घासायची, प्रेसमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून भरायची आणि वर नवी गोळी बसवायची. स्वतःपुरतं हे करायला अमेरिकेत केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायचं म्हटलं तर लागतो. त्यामुळे ‘पुढेमागे धंदा करू’ ही नवऱ्यांची लाडकी पळवाट इथे सुरुवातीलाच बंद होते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवणं हाच गुन्हा आहे. पुण्यात ते काम खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून करतो आहे. कोथरूडच्या बाल्कनीत कोणी प्रेस मांडून बसलेलं नाही, याबद्दल तिथल्या गृहिणींनी संसदेचे आभार मानावेत.

आमचा एक वर्गमित्र ह्यूस्टनच्या उपनगरात आहे. सॉफ्टवेअरमध्ये सल्लागार. शाळेत एनसीसीच्या परेडला पोट दुखतं म्हणून सावलीत बसायचा. टेक्ससमध्ये वीस वर्षं काढल्यावर त्याला रायफलचा नाद लागला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माणसाने कुठेतरी नेम धरावाच. पण एके दिवशी त्याने वहिनींपुढे एक्सेलचा तक्ता ठेवला. वहिनी एका कंपनीत ऑडिटर आहेत. त्याने एवढी एकच गोष्ट ध्यानात घेतली असती तरी पुढचं बरंच टळलं असतं.

तक्ता असा. त्याच्या रायफलला लागणारं .३०८ मापाचं चांगलं काडतूस बाजारात दीड डॉलरला, घरी भरलेलं पाऊण डॉलरला. गोळीमागे पाऊण डॉलर बचत. सामग्री बाराशे डॉलरची. म्हणजे सोळाशे गोळ्या उडवल्या की पैसे वसूल आणि पुढे नुसता नफा.

वहिनींनी चष्मा लावला. “तू महिन्याला किती उडवतोस?”

“चाळीस.”

“म्हणजे तीन वर्षं चार महिने लागतील.”

“महिन्याला चाळीस धरल्या तर. आठवड्याला चाळीस उडवल्या तर चाळीस आठवड्यांतच वसूल!”

माझ्या मते हे वाक्य अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जायला हवं. याआधी घरातून काडतुसांवर वर्षाला ७२० डॉलर जात होते. आता आठवड्याला चाळीसच्या हिशेबाने वर्षाला २,०८० गोळ्या, म्हणजे १,५६० डॉलर खर्च. आणि गोळीमागे पाऊण डॉलरप्रमाणे बचतही १,५६० डॉलर. खर्च दुपटीच्या वर गेला आणि तक्त्यात मात्र बचतीचा आकडा हिरव्या रंगात झळकू लागला. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच लिहून ठेवलं होतं, की वाफेची इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली म्हणून कोळसा कमी जळत नाही. उलट जास्तच जळतो. घरघंटी आणलेल्या घरात सगळ्यांना हे अनुभवाने ठाऊक असतं. दळण स्वस्त पडतं म्हणून आधी गहू, मग नाचणी, मग थालीपिठाची भाजणी, मग शेजारच्यांची भाजणी, आणि शेवटी विजेचं बिल. पण आमच्या मित्राला जेव्हन्स पटत नाही. ‘तो कोळशाबद्दल बोलत होता,’ म्हणतो.

बचतीचा मुद्दा पडला की टंचाईचा निघतो. हा जुना आणि खानदानी मुद्दा आहे. १९४३ मध्ये युद्धामुळे गोळ्या मिळेनात, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या फ्रेड हंटिंग्टन यांनी .२२ च्या उडवलेल्या पुंगळ्यांपासून गोळ्यांची कवचं घडवण्याचा साचा बनवला. त्यातून आरसीबीएस ही कंपनी उभी राहिली. तिच्या नावातली पहिली दोन अक्षरं ज्या ‘रॉक चक’ची, तो डोंगरात बिळं करून राहणारा एक गुबगुबीत कुरतडणारा प्राणी. त्याला टिपण्यासाठी हा सगळा खटाटोप होता. पुढे डिसेंबर २०१२ नंतर बंदुकांवर निर्बंध येणार अशी हवा उठली आणि दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या. २०२० मध्ये साथ आली तेव्हा पुन्हा तेच. प्रायमरचे भाव अनेक पटींनी चढले आणि तरी मिळेनात. म्हणजे घरी भरायची यंत्रं ज्यांच्याकडे होती तेही हात चोळत बसले, कारण प्रायमर काही घरी बनवता येत नाही. हा तपशील नवरे सांगत नाहीत. २०१३ मध्ये सगळ्यांत जास्त हाकाटी ज्या साध्या .२२ ची झाली, ती तर घरी पुन्हा भरतच नाहीत. तिचा पेटणारा मसाला पुंगळीच्या काठातच असतो, आणि तो काठ एकदा ठेचला की खेळ संपला.

“टंचाई पुन्हा येईल,” मित्र म्हणाला.

“२०२० मध्ये टॉयलेट पेपरचीही आली होती,” वहिनी म्हणाल्या. “त्याचं यंत्र का नाही आणलंस?”

आता सामग्रीकडे वळू, कारण खरी कला तिथे आहे. कसलेला नवरा कधीही एकदम मागत नाही. तो लीच्या छोट्या संचापासून सुरुवात करतो. विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली यांनी १९५८ मध्ये घरच्या वर्कशॉपमधून या प्रकाराची सुरुवात केली. मूठभर सामान आणि सोबतीला एक हातोडी, एवढ्यावर काम भागतं. ‘एका वेळच्या हॉटेलच्या बिलाएवढं तर आहे,’ म्हणून ते घरात येतं. मग ठोकून ठोकून मनगट दुखतं, म्हणून एकेक काम करणारी साधी प्रेस. तिच्यावर तासाला पन्नास काडतुसं झाली तरी खूप. म्हणून दर दांड्याला एक तयार काडतूस टाकणारी मोठी प्रेस. यात कंपन्यांच्या रंगांवरून पक्ष आहेत. ली आणि हॉर्नडी लाल, आरसीबीएस हिरवी, डिलन निळी, आणि १८७८ मध्ये स्थापन झालेली लायमन नारिंगी. आपल्याकडच्या निवडणुकीसारखंच, एकदा निळ्यात गेलेला माणूस हिरव्यातल्याकडे दयेने पाहतो. फरक इतकाच, की इथे पक्ष बदलायला स्वतःच्या खिशातून पैसे मोजावे लागतात.

प्रेसच्या मागून वऱ्हाड येतं. लांबी मोजायचा कॅलिपर, वाढलेलं तोंड कापायचं कटर, कापलेल्या तोंडाची धार मारायचं हत्यार, दारू तोलायचा तराजू, तो तराजू बरोबर आहे का बघायची वजनं, गोळीचा वेग मोजायचा क्रोनोग्राफ, आणि चुकीचं भरलं गेलं तर ते उघडायची खास पोकळ हातोडी. या शेवटच्या वस्तूबद्दल वहिनींनी ‘म्हणजे चुका करण्याचंही बजेट आहे का?’ असं विचारल्याचं कळतं. पार्सलं वेगवेगळ्या दिवशी येतात आणि पत्ता ऑफिसचा असतो. अमेरिकेतल्या नेमबाजांमध्ये एक जुना विनोद फिरतो: मी मेल्यावर बायकोने हे सगळं, मी तिला सांगितलेल्या किमतीला विकू नये, एवढीच देवाकडे प्रार्थना. हसतात सगळे, पण दबकत.

पुंगळ्या घासण्याचं प्रकरण तर मला जरा जिव्हारी लागलं. पूर्वी अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्यात त्या तासन् तास घुसळायच्या. आता सुधारणा झाली आहे: फिरत्या पिंपात पाणी, भांड्यांचा साबण, चिमूटभर लिंबूसत्त्व आणि स्टीलच्या बारीक पिना. आपल्या घरात पितळ कशाने उजळतं हे आईने तीस वर्षं डोळ्यांदेखत करून दाखवलं, तेव्हा या गृहस्थाने दिवाळीतली एक समई कधी घासली नाही. आता तो शंभर-शंभर पुंगळ्या आरशासारख्या करतो, बुडातली भोकंसुद्धा सुई घालून साफ करतो, आणि वाळवायला वहिनींचा ओव्हनचा ट्रे घेतो. शिशाचा अंश असलेल्या वस्तू स्वयंपाकाच्या भांड्यांजवळ आणू नयेत, हे प्रत्येक माहितीपुस्तकाच्या सुरुवातीला असतं. त्याने भार किती घालायचा त्या पानापासून वाचायला घेतलं असावं. ट्रे नवा आला. तक्त्यात तो नाही.

तक्त्यात आणखी एक गोष्ट नाही, ती म्हणजे वेळ. क्लायंटला पंधरा मिनिटांच्या फोनचंही बिल लावणारा हा माणूस गॅरेजमधल्या तासाची किंमत शून्य धरतो. विचारलं तर म्हणतो, तो विरंगुळा. मग विरंगुळाच म्हण ना बाबा! पण नाही, सकाळी विरंगुळा म्हणायचं आणि रात्री बचत. शिवाय या कामात मध्येच हाक मारायची नसते. हे खरं आहे आणि त्यात थट्टा नाही: लक्ष विचलित होऊन पुंगळीत दारू जास्त पडली तर रायफल हातात फुटू शकते. पण दोन तास कोणी हाक मारायची नाही, फोन उचलायचा नाही, मुलाचं गणित बघायचं नाही, आणि हे सगळं सुरक्षिततेच्या नियमांनुसार! असं कवच दुसऱ्या कुठल्या छंदाला मिळालंय? मला विचाराल तर बाराशे डॉलरमधला मोठा हिस्सा या कवचाचा आहे.

टेक्ससच्या उन्हाळ्यात गॅरेजची भट्टी होते. दारू आणि प्रायमर थंड, कोरड्या जागी ठेवायचे असतात. म्हणून ते पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटात गेले. सहा महिन्यांसाठी येणाऱ्या सासूबाई त्याच खोलीत उतरतात. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संहितेत घरात दहा हजारांपर्यंत प्रायमर ठेवायला मुभा आहे. आमच्या मित्राने ही मर्यादा उद्दिष्ट म्हणून वाचली. साताऱ्याहून आणलेल्या लोणच्याच्या बरण्या कुठे ठेवायच्या, यावर त्या घरात अजून तोडगा निघालेला नाही.

आता तोळ्याचा मुद्दा, जो वहिनींनी स्वतः शोधून काढला. या धंद्यात सगळं ग्रेनमध्ये तोलतात. एका पौंडात ७,००० ग्रेन. .३०८ मध्ये साधारण त्रेचाळीस ग्रेन दारू जाते, म्हणजे पौंडभर दारूत एकशेसाठ-बासष्ट काडतुसं. मित्र हे कौतुकाने समजावत होता आणि वहिनींना काहीतरी ओळखीचं वाटत होतं. कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळा ठरवला तो १८० ग्रेनचा. म्हणूनच आपला जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आणि .३०८ साठी १८० ग्रेनची गोळी दुकानात सर्रास मिळते.

“म्हणजे प्रत्येक बार बरोबर एक तोळ्याचा,” वहिनी म्हणाल्या.

“सोन्याचा नाही गं, शिशाचा आणि तांब्याचा.”

“शनिवारी चाळीस तोळे मातीच्या ढिगात घालून येतोस. मी पाटल्या म्हटलं की भाव उतरू दे म्हणतोस.”

यावर त्याने शेवटचा हुकमी मुद्दा काढला: नेमकेपणा. घरी भरलेलं काडतूस आपल्याच रायफलला जुळवता येतं. दारू दशांश ग्रेनने कमी-जास्त करायची, गोळी केसभर आत-बाहेर बसवायची, आणि शंभर यार्डांवर पाच गोळ्या एका इंचात बसवायच्या. हा मुद्दा खरा आहे. लांब पल्ल्याच्या स्पर्धांत उतरणारे बहुतेक जण याच कारणासाठी स्वतःची काडतुसं स्वतः भरतात, आणि पैसे वाचले असं त्यांच्यातलं कोणी फारसं म्हणतही नाही. आमचा मित्र कुठल्याही स्पर्धेत उतरत नाही. कागदाला भोकं पाडून तो कागद घरी आणतो आणि फ्रिजवर लावतो.

तर वहिनी, तुम्ही परवा फोनवर निकाल मागितलात, तो देतो. खर्च मंजूर करा. माणूस दारू पीत नाही, शेअर बाजारात बुडत नाही, आणि शनिवारी कुठे आहे ते नक्की माहीत असतं. पण त्या तक्त्यातला ‘बचत’ हा रकाना काढून टाका आणि रक्कम ‘करमणूक’ या सदरात लिहायला लावा, त्याच्या सहीनिशी. ओव्हनचा ट्रेही त्यात धरा. आणि शेजारी तेवढ्याच रकमेचा दुसरा रकाना स्वतःच्या नावाने उघडा. कशासाठी म्हणून विचारलं, तर १८० ग्रेनचं काहीतरी घ्यायचंय, एवढंच सांगा.