काचेच्या पेटीत मृग आणण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शिका ज्या घरात काचेची पेटी, पेटीत नेचे आणि शेवाळ, आणि पेटीबाहेर एक हौशी पुरुष आहे अशा कुटुंबांसाठी आहे. हे तिघे एका छपराखाली आले की प्रश्न निघतोच: पेटीत आपोआप तुषार सोडणारं यंत्र विकत आणावं की घरी जुळवावं?

आमचं मोहगाव सौंसर तालुक्यातलं. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हापासून छिंदवाड्याऐवजी पांढुर्ण्याचं. मुलूख संत्र्याचा. मे महिन्यात इथे कूलरशिवाय माणूस टिकत नाही, तर नेचा कसा टिकणार, असं विचारायची सोय मात्र आमच्या घरी नाही. विचारलं की आमचे हे बिरबल साहनींचं नाव घेतात. साहनी आणि एच. एस. राव यांनी सौंसरच्या आसपासच्या चर्ट दगडांतल्या वनस्पतींच्या जीवाश्मांवर १९४३ साली निबंध लिहिला. त्यात अझोला आहे, म्हणजे पाण्यावर तरंगणारा नेचा. "इथं साडेसहा कोटी वर्षांआधी नेचे होते," हे म्हणतात, जणू मधली वर्षं मीच सुकवली.

नियम पहिला. यंत्राचा विचार करण्याआधी पेटीला झाकण लावून बघावं. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरानं १८२९ च्या सुमारास पतंगाचा कोष ओल्या मातीसकट बंद बाटलीत ठेवला. पतंग राहिला बाजूला, मातीतून नेचा उगवला. पाण्याची वाफ काचेला लागून पुन्हा मातीत पडत होती, वरून पाणी घालायची गरजच नव्हती. पुढे अशाच बंद पेट्यांतून रोपं समुद्रापार गेली. रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आणली तीही अशीच. थोडक्यात, पेटी बंद असेल तर महिनोन्‌महिने काही करावं लागत नाही. ही माहिती मी घरात मांडली. उत्तर आलं, "मंग यंत्र कायले लागन?" ह्या उत्तरात सगळं शास्त्र आलं. ज्याला नेचा जगवायचा आहे तो झाकण लावतो. ज्याला पंप जोडायचा आहे तो पेटी उघडी ठेवतो.

नियम दुसरा, विकत घेण्याबाबत. परदेशी कंपन्यांची तयार यंत्रं मिळतात. एक्झो टेरा कंपनीनं आपल्या यंत्राचं नावच 'मॉन्सून' ठेवलंय. ते नाव ऐकून हे इतके दुखावले की किमतीपर्यंत बोलणं गेलंच नाही. "मान्सून का विकत भेटते?" भेटते. त्या पैशात चांगला कूलरही भेटते.

आता जुळवणी. इथे थोडं रेंगाळावं लागेल, कारण आमच्याकडेही बरंच रेंगाळलं गेलं.

गावात पहिल्यांदा हाताशी येतो तो कूलरचा पंप. तो घेऊ नये. तो पाणी फार तर माणसाच्या डोक्याच्या वर उचलतो. दहा मीटर उंच पाण्याचा दाब जेमतेम एक किलो, तेव्हा ह्याचा दाब किती ते समजून घ्यावं. त्याच्या पुढे बारीक नोझल लावलं की तुषार येत नाहीत, थेंब गळतात. गच्चीवरच्या टाकीतून नळी आणली तरी तेच. धुकं हवं तर चार-पाच किलोचा दाब हवा आणि नोझलचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक.

दुसरा मोह फॉगरचा. संत्र्याच्या रोपवाटिकेत चौमुखी फॉगर टांगलेले असतात. एखादा मागून आणायला काहीच लागत नाही. पण तो तासाला अठ्ठावीस लिटर फेकतो, म्हणजे मिनिटाला जवळजवळ अर्धा लिटर. दीड फुटाच्या पेटीत. ह्यांच्या डोळ्यांसमोर नंतर बागेतला फवारणीचा एचटीपी पंपही येऊन गेला. तिथे मी दार लावून घेतलं.

खरा उपाय आरओ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात असतो: पाणी गाळायच्या मशीनचा चोवीस व्होल्टचा बूस्टर पंप, त्याचाच अडॅप्टर, त्याचीच पाव इंची नळी. दाब पुरेसा, आवाज सहन होण्याजोगा, आणि बिघडला तर गावातच सुटा मिळतो. हे वाक्य लिहिताना मला आनंद होत नाही, कारण ते ह्यांनी वाचलं तर वर्षभर ऐकावं लागेल. पण ह्यांचं बरोबर होतं.

पाण्याची बादली पेटीच्या खाली ठेवावी. वर ठेवली तर पंप बंद झाल्यावरही पाणी स्वतःच्या मर्जीनं वाहत राहतं.

नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. वाद घालू नये.

टायमर. हा विषय घरातल्या शांततेशी संबंधित आहे. दुकानात स्वस्तात मिळतो तो गोल तबकडीचा; कडेला शहाण्णव खुंट्या, एकेक पंधरा मिनिटांची. पेटीला दिवसातून एक-दोनदा वीस-तीस सेकंदांचा फवारा पुरतो. पंधरा मिनिटं म्हणजे भाताची रोवणी करून घ्यावी. शिवाय लाइट गेली की तबकडी जिथल्या तिथे थांबते आणि आली की तिथूनच पुढे चालू लागते. मोहगावातली लाइट लक्षात घेता सकाळी सातचा पाऊस सरकत सरकत मध्यरात्री येतो. अंधारात पंपाची घरघर ऐकून बाईमाणसानं उठावं, आणि पुरुषमाणसानं कूस बदलून विचारावं, "चालू झाला का?" म्हणून सेकंद मोजणारा आणि आत बॅटरी असलेला डिजिटल टायमरच घ्यावा. पैसे इथे वाचवू नयेत.

बोरचं पाणी वापरू नये. क्षारांनी नोझल बुजतं आणि काचेवर पांढरे डाग बसतात. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं गाळलेलं पाणी घ्यावं. बुजलेलं नोझल लिंबाच्या रसात रात्रभर टाकलं की मोकळं होतं. संत्र्याच्या रसात टाकून बघायचं एकाच्या मनात होतं. ते जमत नाही, आंबटपणा कमी पडतो.

राहिला पाण्याचा हात. संत्र्यावाल्याला खरं तर हे शिकवावं लागू नये. मृग बहार घ्यायचा तर झाडाला उन्हाळ्यात ताण देतात, जाणूनबुजून पाणी तोडतात, पानं मलूल होऊ देतात, आणि जूनच्या पावसावर झाड फुलतं. शेकडो झाडांना कधी पाणी द्यायचं नाही हे ज्याला पान बघून कळतं, तोच माणूस वीतभर नेच्यापुढे मात्र यंत्र चालू झाल्याच्या आनंदात पुन्हा पुन्हा बटण दाबतो. अशा हाताखाली नेचा सुकून मरत नाही, मुळं कुजून मरतो. तळाशी खड्यांचा आणि कोळशाचा थर असावा आणि दोन फवाऱ्यांच्या मधे काच कोरडी झालेली दिसावी.

उन्हाळ्यात पेटी कूलरच्या खोलीत ठेवली तर निम्मं काम तसंच होतं; फक्त सरळ झोतात नको.

लग्नाला गावाला जाताना शेजारी सांगून जावं. यंत्र आपोआप चालतं, पण ते आपोआप चालतंय का हे बघायला माणूस लागतो. ह्यांनी शेजारच्या काकूंसाठी सूचनांचा कागद लिहून ठेवला, पाठपोट. काकूंनी तो चष्म्याच्या घरात घडी करून ठेवला आणि मला विचारलं, "मी निसतं पाहून येतो, हात नाही लावत. चालन ना?"

तर निष्कर्ष असा की पंप, नोझल, व्हॉल्व्ह आणि टायमर विकत आणावेत, बाकीचं घरी जुळवावं. जुळवणाऱ्याला ठिबकच्या नळ्यांचा, गमटेपचा आणि निवांत दुपारींचा पुरवठा करावा. पेटीचं यंत्र आता एक थेंबही गळत नाही. आमच्या न्हाणीतला नळ दिवाळीपासून गळतोय. पण त्याचा नुसता वॉशर बदलायचा आहे, आणि ह्यांच्या मते त्यात करण्यासारखं काही नाही.