बापूकाकांची सरासरी

आमच्या सोसायटीत साखरेचा हिशेब बापूकाकांइतका चोख कुणी ठेवत नाही. बँकेतून निवृत्त झाले, लेजर सुटलं, पण हाताला चैन पडेना. मग मधुमेह निघाला आणि काकांना पुन्हा काम मिळालं. दोनशे पानी वही, लाल शाईनं आखलेले रकाने: भाकरी, भात, चालणं, गोळी, साखर. सत्यनारायणाच्या प्रसादाचीसुद्धा 'चिमूटभर, आग्रहाखातर' अशी शेऱ्यासह नोंद. झोपेला मात्र रकाना नाही. झोप फुकटची, तिचा हिशेब कसला!

आणि झोप तरी कशी! सोमवारी दहालाच घोरायला लागतात. मंगळवारी वेस्ट इंडिजमधली कसोटी, म्हणजे रात्रीचे अडीच. बुधवारी त्याची भरपाई म्हणून दुपारी तीन तास ताणून देतात, मग रात्री डोळा लागत नाही, मग मोबाइलवर मधुमेहावरचे व्हिडिओ. सामने ऑस्ट्रेलियात असले तर पहाटे पाचलाच टीव्हीसमोर हजर.

सकाळी गॅलरीत विधी. सुई बोटाच्या कडेला टोचायची, मधोमध टोचली तर जास्त दुखतं, हे मला त्यांनीच शिकवलं. थेंब पट्टीला लावायचा आणि आकडा उमटेपर्यंत श्वास रोखून बसायचं. आकडा येतो १७२. लगेच स्वयंपाकघराकडे हाक.

"अगं, कालच्या आमटीत गूळ घातलास?"

"रोज घालते तेवढाच."

"मग हा आकडा काय आकाशातून पडला?"

आकाशातून नाही, यकृतातून. पहाटे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत रक्तात साखर सोडतं. निरोगी माणसाचं इन्शुलिन ती आवरतं, मधुमेह्याचं कमी पडतं. त्यात जागरण झालं की पेशी इन्शुलिनला आणखीच जुमानत नाहीत. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ११ धडधाकट तरुणांना सलग ६ रात्री फक्त ४-४ तास अंथरुणात राहू दिलं, तर त्यांचीसुद्धा साखर आवरण्याची ताकद घसरली. हे १९९९ साली छापून आलंय. मी काकांना सांगून पाहिलं.

"ती पोरं नवशिकी," काका म्हणाले. "आम्ही वर्षानुवर्षं मार्चअखेर काढलेत. जागरण आम्हाला बाधत नाही."

"बरं, निदान झोपायची वेळ तरी रोज एक ठेवा. शरीरातलं घड्याळ बिघडतं."

"आठवड्याची सरासरी काढ. पावणेसात तास पडतात."

"काका, इथे सरासरी चालत नाही."

"का नाही? तुमच्या डॉक्टरांचं ते एचबीएवनसी तरी काय आहे? दोन-तीन महिन्यांची सरासरीच ना?"

माणूस हिशेबात असा पक्का असला की त्याला आजारी कसं म्हणावं हेच कळत नाही.

खरी गंमत चिवड्याची. रात्री दीडच्या सुमारास भूक लागते. अपुऱ्या झोपेनं भूक चाळवते हे तर ठरलेलंच. काका मांजराच्या पावलांनी जाऊन डबा उघडतात. रात्री शरीर इन्शुलिनच्या बाबतीत आखडतं घेतं, त्यामुळे दुपारी पचला असता तोच चिवडा तेव्हा साखर जास्त चढवतो. पण वहीत त्याचा मागमूस नाही. मी छेडलं तेव्हा काका अजिबात ओशाळले नाहीत. "बारानंतर कालचं खातं बंद झालेलं असतं," ते म्हणाले, "आणि आजचं सकाळच्या चहाशिवाय उघडत नाही." उशिरा उठल्यावर चहा दहाला, नाश्त्याआधीची गोळी साडेदहाला. ते मात्र सगळं वेळेसकट नोंदवलेलं.

शेवटी सुनेनंच एके दिवशी वहीत नवा रकाना आखला: 'झोप किती वाजता लागली'. काका हरखलेच. पण नोंद अचूक हवी. डोळा नेमका कधी लागतो ते पाहायला पेन घेऊन बसले, ते तीनपर्यंत. दुसऱ्या रात्रीही तेच. मग त्यांनी तोडगा काढला. नोंदीचं काम काकूंकडे दिलं. आता काका घोरायला लागेपर्यंत काकू घड्याळ घेऊन जाग्या.

परवा काकूंची तपासणी झाली. उपाशीपोटीची साखर काठावर निघाली. काकांनी त्याच संध्याकाळी नवी वही आणली, रकाने आखले आणि पहिल्या पानावर काकूंचं नाव घातलं, पूर्ण, लाल शाईत.