किरकोळ अंगाचा कारकून

आंग्लभाषेच्या काटकसरीचे कौतुक करावे तितके थोडेच. कारण सूर्याचे मावळणे, जेलीचे थिजणे, निखळलेल्या हाडाचे बसविणे, घड्याळाचा गजर लावणे, टेनिसमधला डाव आणि चहाच्या कपबश्यांचा संच, अशी परस्परांशी काडीचेही सोयरसुतक नसलेली खाती तिने ‘सेट’ नामक एकाच किरकोळ अंगाच्या कारकुनाकडे, पगारवाढीचा शब्दही न काढता, सोपविली आहेत. आमची नम्र सूचना अशी, की उरलेले शब्द तत्काळ बडतर्फ करून अवघा कारभार याच्याच हवाली करावा, म्हणजे शब्दकोश एका पानात आटोपेल. मात्र १९८९ सालच्या ऑक्सफर्ड कोशात या एकट्याचे सुमारे ४३० अर्थ उलगडताना जवळजवळ ६०,००० शब्द खर्ची पडले, एवढी नोंद दप्तरी असू द्यावी.